जामठ्यावरचा रणजी चषक: आघाडीवर मिळालेल्या विजयाने मन भरतं का?

संत्रानगरी (3 मार्च, सकाळी 9:40)

2024-25 च्या मोसमात विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. अभिनंदनाचे धागे भरपूर निघालेत, हा वेगळ्या मुद्द्यासाठी.

2017-18 ला इंदूरमध्ये दिल्लीला 9 गडी राखून हरवलं. 2018-19 ला इथेच, नागपूरजवळच्या जामठ्यावर सौराष्ट्राला 78 धावांनी. दोन्ही निकाल सरळसोट. या वेळी अंतिम सामना अनिर्णित राहिला. विदर्भ 379 आणि 9 बाद 375, केरळ 342. अशा वेळी पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो, म्हणजे चषक आला तो पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर. केरळचा डाव तिसऱ्या दिवसअखेर आटोपला, आणि त्यानंतरचे दोन दिवस विदर्भ खेळत राहिला, 143.5 षटकं. डाव घोषित केला नाही, केरळला एकदाही पाठलागाला बोलावलं नाही. शेवटी हस्तांदोलन झालं आणि चषक उचलला.

मी विदर्भाचाच, त्यामुळे आनंद आहेच. पण उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूवर 198 धावांनी आणि उपांत्य फेरीत मुंबईवर 80 धावांनी विजय मिळवला तेव्हा जे वाटलं, ते रविवारी वाटलं नाही. जाणकारांनी सांगावं: असा विजय प्रेक्षकाला पुरतो का? आणि नसेल पुरत तर कमी नेमकं काय पडतं?

गहुंजे गेट (3 मार्च, 10:15)

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. केरळ अंतिम फेरीत कसा पोचला ते पाहिलं तर त्यांच्या बाजूने तक्रारीला जागाच नाही.

उपांत्यपूर्व सामना आमच्याकडे, पुण्याजवळ गहुंजेला झाला. जम्मू-काश्मीर 280. केरळ 9 बाद 200. तिथून सलमान निझार आणि बेसिल थंपीने शेवटच्या गड्यासाठी 81 जोडल्या. थंपीच्या त्यात 15. सलमान नाबाद 112. केरळ 281. आघाडी एका धावेची! मग दुसऱ्या डावात जम्मू-काश्मीरने 9 बाद 399 वर डाव घोषित केला आणि केरळने 126 षटकं खेळून काढत 6 बाद 295 केल्या. सामना अनिर्णित, केरळ पुढे.

उपांत्य सामना अहमदाबादला. केरळ 187 षटकांत 457, मोहम्मद अझरुद्दीन नाबाद 177, त्यासाठी 341 चेंडू. गुजरात 455. आघाडी दोन धावांची. शेवटचा गडी कसा पडला ते तर सगळ्यांनी पाहिलंय. नागवासवालाने आदित्य सरवटेला जोरात मारलं, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमानच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. ऑक्टोबर 2017 पूर्वी हा झेल ग्राह्यच नव्हता. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तरी फलंदाज नाबाद असायचा.

एक धाव आणि दोन धावा. अशा दोन फेऱ्या काढून आलेला संघ 37 ने मागे पडला तर तो त्याच मापाने मोजला गेला.

कोचीकर (3 मार्च, 10:50)

गेटभाऊ, केरळात तक्रार कोणी करत नाहीये. इथे पहिल्यांदाच रणजीची अंतिम फेरी बघायला मिळाली, आणि त्या दोन फेऱ्यांचा आनंद इथल्या लोकांना कुठल्याही डावाच्या विजयापेक्षा मोठा होता. नऊ बाद 200 वरून एका धावेने पुढे जाणं हे देखणं नव्हतं असं कोण म्हणेल?

संत्रानगरी यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एका धावेची आघाडी आणि 37 धावांची आघाडी, नियम एकच. पहिलीत प्रत्येक चेंडूला निकाल टांगलेला होता. दुसरीत निकाल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला आणि पुढचे दोन दिवस तो फक्त सांभाळायचा होता. प्रेक्षकाचं मन भरत नाही ते या सांभाळण्याच्या वेळात.

डावरा फिरकी (3 मार्च, 11:30)

सांभाळणं सोपं असतं असा सूर दिसतोय, म्हणून लिहितो.

विदर्भाचा दुसरा डाव 2 बाद 7 पासून सुरू झाला. तिथे अजून एक-दोन गडी पडले असते तर केरळ सामन्यात होता. आघाडी 37 ची, त्यात 7 धावा, तीन दिवस खेळून झालेल्या खेळपट्टीवर पुढचे दोन दिवस शिल्लक. दानिश मालेवार (73) आणि करुण नायरने तिथून 182 जोडल्या. करुण 31 वर असताना स्लिपमध्ये झेल सुटला. पुढे त्याने 295 चेंडूंत 135 केल्या. सामना बघायचा तर त्या झेलापाशी बघायचा.

आता जामठ्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसाचं गणित. समोर डावखुरा फिरकीपटू सरवटे आणि ऑफस्पिनर जलज सक्सेना. गोलंदाजांच्या पावलांनी दोन्ही टोकांना माती उकरलेली. उजव्या फलंदाजाला सरवटेचा चेंडू पडून बाहेर जातो, आणि धोका दोन ठिकाणी असतो: बॅट-पॅडमधून सिली पॉइंटला उडणारा झेल, आणि न वळता सरळ येऊन पायावर आदळणारा चेंडू. म्हणून बचाव करताना बॅट पॅडच्या पुढे हवी, हात सैल हवेत, आणि पुढचा पाय चेंडूच्या रेषेच्या किंचित आत हवा. पाय रेषेत आडवा टाकला की पायचीत. पाय लांब टाकून पॅडमागे बॅट लपवली तर पंच खेळायचा प्रयत्न केला नाही असं धरतो, आणि मग ऑफ स्टंपबाहेर चेंडू लागला तरी पायचीत देता येतं. हे करत 295 चेंडू काढायचे आहेत.

दुसरं, 80 षटकांनंतर नवा चेंडू उपलब्ध होतो. पहिली आठ-दहा षटकं तो टणक असतो, उसळतो. केरळच्या संघात निधीश, बेसिल एन. पी. आणि एडन अ‍ॅपल टॉम असे तीन वेगवान गोलंदाज होते. त्यांनी पहिल्या डावात 3 बाद 24 अशी अवस्था केलीच होती. ती आठ-दहा षटकं पुन्हा एकदा निभावणं हाही सांभाळण्याचा भाग.

आणि रटाळ म्हणताय तर आकडे बघा. विदर्भाचा दुसरा डाव 375 धावा, 143.5 षटकं, म्हणजे षटकामागे 2.6. केरळचा पहिला डाव 125 षटकांत 342, म्हणजे 2.74. ज्या डावाला आपण झुंजार म्हणतोय आणि ज्याला रटाळ म्हणतोय, त्यांच्या गतीत नावापुरताच फरक आहे. त्याला कारण आहे. गडी हवे असलेल्या कर्णधाराला बॅटभोवती तीन-चार क्षेत्ररक्षक लावावे लागतात, मग बाहेर जागा मोकळी राहते आणि न मागता धावा मिळतात.

आझाद मैदान (3 मार्च, 12:20)

डाव घोषित का केला नाही, हा मुद्दा मुंबईवाल्यांना विचारा.

2023-24 च्या उपांत्यपूर्व फेरीत बीकेसीवर मुंबई विरुद्ध बडोदा. मुंबई 384 (मुशीर खान नाबाद 203), बडोदा 348. आघाडी 36 ची, म्हणजे विदर्भाला मिळाली त्यापेक्षा एकच धाव कमी. दुसऱ्या डावात मुंबई 9 बाद 337. एकूण आघाडी 373. डाव घोषित करून गडी बाद करायचा प्रयत्न करता आला असता. मुंबईने केला नाही. तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे, दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरचे, दोघांनी शतकं ठोकली! कोटियन नाबाद 120, देशपांडे 123, शेवटच्या गड्यासाठी 232. दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी एकाच डावात शतकं करण्याचा प्रकार प्रथम श्रेणीत त्याआधी फक्त एकदा झाला होता, 1946 साली ओव्हलवर सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून.

बडोदा 3 बाद 121, सामना अनिर्णित, मुंबई पुढे, आणि त्या वर्षी 42 वा चषक. त्या भागीदारीला मैदानावर कोणी रटाळ म्हटलं नाही. मुंबई ज्याला खडूस क्रिकेट म्हणते ते हेच: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही.

अनिकेत_ठाणे (3 मार्च, 12:55)

आझाद मैदान, खडूसपणाचं कौतुक मान्य. पण तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. लोकांना ती भागीदारी आवडली कारण अकराव्या क्रमांकाचा गडी शतकाकडे चालला होता. तिथे दुसरं काहीतरी घडत होतं. आघाडी सांभाळली म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आणि पाचव्या दिवसाचा हिशेब मांडूच. चौथ्या दिवसअखेर विदर्भ 4 बाद 249, आघाडी 286. पाचव्या सकाळी दीड तास फटकेबाजी करून आघाडी 340 च्या आसपास नेऊन डाव घोषित केला असता तर केरळला साधारण 65 षटकं मिळाली असती. षटकामागे सव्वापाच धावा, पाचव्या दिवशी, हर्ष दुबेसमोर! ज्या गोलंदाजाने त्याच मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला, त्याला अखेरच्या दिवशी घरच्या खेळपट्टीवर गोलंदाजीच मिळाली नाही. मला विदर्भाचा पाठीराखा म्हणून हेच खुपतं. धोका नगण्य होता आणि दहा बळींची संधी होती.

डावरा फिरकी (3 मार्च, 13:20)

@अनिकेत_ठाणे, धोका नगण्य, पण मोबदला शून्य. साखळीत निर्णायक विजयाला 6 गुण, डावाने किंवा 10 गडी राखून जिंकलं तर 7, अनिर्णित सामन्यात आघाडीला 3. तिथे डाव घोषित करण्यात अर्थ आहे, तीन गुणांचे सहा होतात. अंतिम सामन्यात निर्णायक विजयालाही तोच चषक आणि आघाडीलाही तोच चषक. शंभरात एक शक्यता असली तरी कर्णधार ती का घेईल? अक्षय वाडकरने घेतली असती आणि केरळने 340 मारल्या असत्या तर आज हा धागा वेगळ्या नावाने निघाला असता.

हर्ष दुबेबद्दल मात्र पटलं. त्याला पाचव्या दिवशी टाकताना बघायला मिळायला हवं होतं.

निदान रेषा (3 मार्च, 15:05)

क्रिकेटवाले नियमापाशी आलात म्हणून कबड्डीचं लिहितो, कारण हा प्रश्न कबड्डीने नियम बदलून सोडवायचा प्रयत्न केला आहे आणि तो किती सुटला ते रोज दिसतं.

पूर्वी आघाडीवरचा संघ चढाईपटूला निदान रेषा ओलांडायला लावायचा आणि परत बोलवायचा. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर. ती ओलांडली की चढाई वैध, गुण नाही मिळाला तरी चालतं. उरलेला सामना असाच संपवता यायचा. प्रो कबड्डीत यावर उपाय म्हणजे तिसरी चढाई: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला एक गुण. शिवाय चढाईला 30 सेकंदांची मर्यादा.

तरी वेळ काढता येतोच, फक्त आता त्याला हिशेब लागतो. समजा चार गुणांची आघाडी आहे, दोन मिनिटं उरलीत, चढाई आपली, आणि रिकाम्या चढायांची मोजणी शून्यावर आहे. आपली पहिली चढाई पूर्ण 30 सेकंद खेळायची: 1:30 उरले. समोरचा घाईत असतो, तो 15 सेकंदांत चढाई संपवतो: 1:15. आपली दुसरी, पुन्हा 30: 0:45. त्यांची: 0:30. आता आपली तिसरी चढाई, आणि घड्याळात नेमके 30 सेकंद. ती फसली तरी एकच गुण जातो आणि वेळ संपते. मोजणी शून्याऐवजी एकवर असेल तर हाच हिशेब कोसळतो, कारण तिसरी चढाई 1:15 ला येते, गडी बाद होतो आणि समोरच्याला आणखी एक चढाई मिळते. म्हणून शहाणा कर्णधार तीन-साडेतीन मिनिटं असतानाच एक सोपा बोनस उचलून मोजणी शून्यावर आणून ठेवतो. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतील तरच मिळतो, हेही त्याच्या डोक्यात असावं लागतं.

समोर तीन किंवा कमी गडी असताना तर आघाडीवाला अंगाला हातच लावू देत नाही. तिथे पकड झाली की अव्वल पकड, दोन गुण.

अनुप कुमार हे जगात सर्वांत चांगलं करायचा. 2015 मध्ये यू मुंबाने बेंगळुरू बुल्सला 36-30 हरवून चषक जिंकला तेव्हा तोच कर्णधार होता. मध्यरेषेजवळ संथ पावलं टाकणारा अनुप नवख्याला कंटाळवाणा वाटायचा. ज्याला मोजणी कळते त्याच्यासाठी त्या 30 सेकंदांइतकं ताणलेलं दुसरं काही नसायचं.

गहुंजे गेट (3 मार्च, 15:40)

निदान रेषा, सुरेख लिहिलंत. पुणेरी पलटणचा पहिला चषकही याच जातीचा. 1 मार्च 2024, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर 28-25. अंतिम सामन्यात दोन्ही संघ मिळून 53 गुण. मध्यंतराला 13-10. पंकज मोहितेची एका चढाईतली चार गुणांची कमाई सोडली तर सगळा सामना रेटारेटीचा. त्याआधीच्या मोसमात अंतिम फेरीत जयपूरकडून 29-33 हरल्यामुळे पलटणच्या पाठीराख्यांना 28-25 काय आणि 8-5 काय, घोडं गंगेत न्हालं हे महत्त्वाचं. पहिल्या चषकाला भूक वेगळी असते. विदर्भाचा हा तिसरा आहे, म्हणून संत्रानगरींना चव शोधावीशी वाटतेय. 2017-18 चा पहिला चषक आघाडीवर आला असता तर हा धागा निघाला नसता असं मला ठाम वाटतं.

संत्रानगरी (3 मार्च, 16:10)

गेटभाऊ, बरोबर बोललात. त्या वर्षी काहीही चाललं असतं.

लाल माती (3 मार्च, 18:30)

कुस्तीच्या प्रेक्षकाला हा प्रश्न विचाराल तर तो क्षणात उत्तर देईल. जत्रेच्या मैदानात लोक येतात ते निकाली कुस्ती बघायला. पाठ टेकली की निकाल, टाळी, फेटा उडतो. पाऊण तास खडाखडी होऊन पंचांनी बरोबरीत सोडवली की मैदान हिरमुसतं, आणि गुणांवर निकाल दिला तर निम्मं मैदान तो मानत नाही.

गादीवरच्या फ्रीस्टाइलमध्ये मात्र कुरूप विजयाचं शास्त्र तयार झालंय. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती. जो पैलवान लढत नाही त्याला पंच ताकीद देतो, मग 30 सेकंदांचं घड्याळ लावतो. त्या वेळात त्याने गुण घेतला नाही आणि कोणाचाच गुण झाला नाही तर समोरच्याला 1 गुण. आता पहिल्या फेरीत 'अ' निष्क्रिय ठरला, 'ब'ला गुण. दुसऱ्या फेरीत 'ब' निष्क्रिय ठरला, 'अ'ला गुण. सहा मिनिटं संपली, 1-1. एकही डाव लागला नाही, ना पट, ना ढाक, ना भारंदाज. जिंकला 'अ', कारण बाकी सगळं समान असताना शेवटचा गुण त्याचा. हे माहीत असलेले वस्ताद पहिल्या फेरीतला गुण सोडून द्यायला सांगतात आणि दुसऱ्या फेरीत समोरच्याला कडेला रेटत राहायला सांगतात, म्हणजे पंचाला तो मागे हटताना दिसतो.

असा विजय ज्या पैलवानाचा, त्याच्या तालमीलाही तो सांगायला अवघड जातो. 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची गदा पृथ्वीराज मोहोळने जिंकली ती प्रतिस्पर्धी शेवटच्या सेकंदांत गुणावरून वाद होऊन आखाडा सोडून गेल्यावर. मोहोळची मेहनत कुठेच कमी नाही. पण पाठ टेकवून गदा मिळाली असती तर त्यालाही आणि बघणाऱ्यांनाही जे मिळालं असतं, ते या प्रकारात कोणालाच मिळालं नाही. विजय जिंकणाऱ्याने मिळवलेला दिसावा लागतो.

डावरा फिरकी (3 मार्च, 19:10)

@लाल माती, हाच धागा धरून जामठ्याचंच जुनं उदाहरण. नोव्हेंबर 2008, या मैदानावरची पहिली कसोटी, भारत-ऑस्ट्रेलिया. भारत मालिकेत 1-0 पुढे, अनिर्णित राहिली तरी चषक भारताचा. ऑस्ट्रेलियाला जिंकणं भाग. भारत 441. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया 2 बाद 189, कॅटिच आणि हसी दोघं डावखुरे खेळत होते. धोनीने आठ क्षेत्ररक्षक ऑफला आणि एक लेगला लावला. झहीर आणि इशांतने दिवसभर ऑफ स्टंपच्या बाहेर, बराच बाहेर मारा केला. दिवसभरात ऑस्ट्रेलियाच्या धावा 166, आणि सर्व बाद 355.

त्या दिवसावर फार टीका झाली. पण बघा, फलंदाजासमोर दोन पर्याय होते. सोडून द्यायचं, म्हणजे भारताला हवं तेच. किंवा ऑफला सरकून मोकळ्या लेगला ओढायचं, म्हणजे यष्ट्या उघड्या टाकायच्या, आणि जुना चेंडू उलटा आत येत होता. म्हणजे सापळ्याला खरे दात होते. आठ जणांच्या जाळ्यात चेंडू सतत एकाच पट्ट्यात टाकावा लागतो. पायावर एक जरी सरकला तरी चौकार, कारण तिथे कोणीच नाही. 80 षटकं ही शिस्त पाळणं हे गोलंदाजीचं कसब आहे. नुसता वेळकाढूपणा केला असता तर आठ गडी पडले नसते.

भारत ती कसोटी 172 धावांनी जिंकला, मालिका 2-0.

आझाद मैदान (3 मार्च, 19:35)

आणि त्याच कसोटीच्या चौथ्या दिवशी उलटी बाजू. भारत चहापानाला 6 बाद 166, ऑस्ट्रेलिया पुन्हा सामन्यात. पण षटकांची गती मागे पडली होती, आणि ती भरली नाही तर कर्णधारावर बंदीची टांगती तलवार. पाँटिंगने वेगवान गोलंदाज बाजूला ठेवून हसी, व्हाइट, क्रेझा यांच्याकडून झटपट षटकं उरकून घेतली. धोनी आणि हरभजनने 108 जोडल्या आणि सामना निसटला. वेळ पाळणारा हरला, वेळ खाणारा जिंकला. त्या निकालावर भारतात कोणी नाखूश होतं का? गांगुलीची शेवटची कसोटी होती, मालिका जिंकली होती. मन काठोकाठ भरलं होतं.

अनिकेत_ठाणे (3 मार्च, 20:05)

मग तुम्हा दोघांच्या उदाहरणांतून माझंच म्हणणं निघतंय. 2008 ला कुरूप दिवसानंतर सुंदर शेवट आला, 172 धावांनी विजय, शेवटचा गडी बाद. रविवारी शेवटच आला नाही. 9 बाद 375 वर, दर्शन नळकांडेचं अर्धशतक झाल्यावर दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. वाईट खेळून जिंकलं तरी चालतं, पण जिंकल्याचा एक क्षण लागतो. शेवटचा बळी, शेवटची धाव, शिट्टी. आघाडीच्या विजयात तो क्षण येऊन गेल्याचं दोन दिवसांनी कळतं.

निदान रेषा (3 मार्च, 20:40)

क्षण असूनही चव जाते, त्याचं उदाहरण हांगझू. 7 ऑक्टोबर 2023, आशियाई स्पर्धेतला कबड्डीचा अंतिम सामना, भारत-इराण, 28-28, अगदी थोडा वेळ शिल्लक. पवन सेहरावतची चढाई, कोणालाही स्पर्श न होता तो राखीव क्षेत्रात (लॉबीत) गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग तिथे उतरले. जुन्या नियमाने मागे गेलेलेही बाद, नव्याने फक्त चढाईपटू बाद. कोणता नियम लागू यावर जवळजवळ तासभर सामना थांबला. निकाल आधी इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. शेवटी भारत 33-29.

सुवर्णपदक मिळालं आणि कबड्डीचा कोणताही प्रेक्षक ते परत करायला तयार नाही. पण त्या संघातले पवन, अस्लम इनामदार, यांच्या चढाया आज कोणाला आठवत नाहीत, तासभराचा वाद आठवतो. यात दोष खेळाडूंचा नाही. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांकडून एकच नियमपत्रक सही करून घ्यायला हवं होतं. जामठ्यावर निदान पहिल्या चेंडूपासून दोन्ही संघांना नियम ठाऊक होता. म्हणून विदर्भाचा चषक मला हांगझूपेक्षा कितीतरी स्वच्छ वाटतो.

कोचीकर (3 मार्च, 21:30)

अनिकेत, क्षण आला होता, तो तिसऱ्या दिवशी. नाणेफेक जिंकून केरळने क्षेत्ररक्षण घेतलं, दुसऱ्यांदा फलंदाजी करायची म्हणजे आघाडीचा आकडा समोर असतो, हे गहुंजेला जमलं होतं. 3 बाद 24 पर्यंत निर्णय बरोबर ठरला. मग मालेवार 153 आणि करुण 86, चौथ्या गड्यासाठी 215. तरीही सरवटेच्या 79 नंतर सचिन बेबी 234 चेंडू संयमाने खेळला होता. 98 वर असताना पार्थ रेखाडेला उंच मारायला गेला आणि डीप मिडविकेटला करुणच्या हाती झेल. शतकाला दोन धावा, आघाडीला साठेक कमी. समोर जलज होता, खाली तळ. तिथे एकेक धाव घेत राहिला असता तर आज विदर्भाला पाचव्या दिवशी जिंकायला खेळावं लागलं असतं.

केरळचा प्रेक्षक रविवारच्या हस्तांदोलनाने दुखावलेला नाही. त्याला तो एक फटका बोचतोय.

संत्रानगरी (4 मार्च, सकाळी 8:15)

@कोचीकर, मग विदर्भाच्या बाजूनेही तोच चेंडू विजयाचा चेंडू धरायला हवा. रेखाडेने तो जरा हवेत सोडला होता आणि डीप मिडविकेट आधीपासून लावलेला होता, म्हणजे फटका मागवून घेतला. मी तेव्हा त्याला फक्त एक बळी म्हणून पाहिलं.

नियमाबद्दल मात्र माझं मत अनिकेतच्या बाजूला झुकतंय. आघाडीचा निकष ठेवा, पण बाद फेरीत निर्णायक विजयाला काहीतरी जास्त द्या, बक्षिसाच्या रकमेत फरक ठेवला तरी चालेल. कर्णधाराला डाव घोषित करायला कारण मिळेल.

डावरा फिरकी (4 मार्च, 8:50)

रकमेने फरक पडणार नाही, चषकासमोर कोणी रक्कम बघत नाही. खेळपट्टीने पडेल. रविवारी चार डावांऐवजी तीन झाले कारण पहिल्या दोन डावांनीच 248 षटकं खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून वळणारी, पहिल्या सकाळी थोडी हिरवी खेळपट्टी द्या, पहिले दोन डाव 190-200 षटकांत आटोपतील आणि चौथ्या डावाला आपोआप जागा होईल. याच मोसमात याच मैदानावर मुंबईविरुद्ध चौथा डाव झाला आणि 80 धावांनी निकाल लागला. दोन्ही सामन्यांच्या खेळपट्ट्यांवर किती पाणी, किती रोलर याची तुलना कोणी केली असेल तर इथे टाका.